विसरलेल्या माणसाचें ऋण

मनुष्याच्या ठिकाणीं ज्या शक्ति आहेत त्यांपैकीं स्मरणशक्तीची किंमत ती नाहींशी होऊं लागेपर्यंत कोणासच कळत नाहीं. डोळा दुखूं लागला म्हणजे डोळ्याची आणि पाय मोडला म्हणजे पायाची आठवण होते. परंतु स्मरण जाऊं लागलें म्हणजे ज्याचें जातें त्यास तें गेल्याचीही जाणीव फार दिवस राहत नाहीं. ती राहते भोंवतालच्या माणसांना. म्हणून हा रोग जडतो एकाला आणि भोगतें सगळें घर. आज आम्ही वाचकांपुढें जो प्रश्न मांडणार आहों तो मुख्यतः वैद्यकाचा नाहीं. वैद्यकाचा अवश्य तेवढाच भाग आम्ही घेऊं. प्रश्न कर्तव्याचा आहे. आपण तिचा मुलगा आहों हेंच ज्या आईस आठवत नाहीं, तिचें आपण कांहीं देणें लागतों काय? लागत असल्यास तें कोणीं फेडावयाचें, आणि कोणत्या रीतीनें?

आमच्या बुलढाणा जिल्ह्यांतील मेहकराकडच्या एका घराची हकीकत प्रथम सांगतों. त्या घरच्या आजीबाई ऐंशीच्या पुढें गेलेल्या. यजमान शिक्षक होते. ते वारल्याला पंधरा वर्षें होऊन गेलीं. त्यांच्यामागें बाईंनीं शेताचा हिशेब सांभाळला. कोणाच्या लग्नांत कोणीं काय आहेर केला, हें त्या वहीशिवाय सांगत. पुढें कधीं गॅसवर दूध ठेवून विसरूं लागल्या, कधीं एकच प्रश्न तासांत दहा वेळां विचारूं लागल्या. मग एके दिवशीं नेहमींच्या देवळाहून घरीं येण्याची वाट त्यांना सांपडेना. अलीकडे तर दिवेलागणीची वेळ झाली, कीं एका लुगड्यांत चार कपडे बांधून त्या दारांत उभ्या राहत आणि म्हणत, "मला माहेरीं जायचं आहे. दादा गाडी जुंपून येतोच आहे."

दादा, म्हणजे त्यांचा वडील भाऊ, चाळीस वर्षांपूर्वींच गेला. थोरला मुलगा सरळ वृत्तीचा. खोटें बोलणें त्याला ठाऊक नाहीं. तो म्हणे, "आई, मामा गेला. तुझ्या माहेरीं आतां कोणी नाहीं." हें ऐकून आजीबाई ती वार्ता प्रथमच कानीं पडल्याप्रमाणें आक्रोश करीत. दुसऱ्या दिवशीं पुन्हां तेंच गाठोडें, तोच प्रश्न, तोच आक्रोश. सून मात्र निराळ्या वाटेनें गेली. ती जवळ जाऊन म्हणे, "दादांची फार आठवण येते ना, आत्याबाई? बसा, चहा घेऊं. तुमच्या माहेरच्या परसांत आंबा होता म्हणतां, त्याचं सांगा मला." आजीबाई बसत, आंब्याची गोष्ट सांगत, आणि गाठोडें कोपऱ्यांत राहून जाई. यावरून नवराबायकोंत वाद झाला. "तूं माझ्या आईला फसवतेस," असें तो म्हणाला. "अहो, मग रोज संध्याकाळीं तिच्या भावाला मारून तुम्हीं काय साधलं?" असें तिनें उत्तर दिलें. धाकटा मुलगा पुण्यास नोकरीला असतो. तो दर रविवारीं दूरध्वनीच्या पडद्यावर आईचें दर्शन घेई, भावाला व भावजयीला उपदेश करी, आणि बदाम, अक्रोड व कसलेसें तेल पार्सलानें पाठवी. हीं तिघेंही माणसें वाईट नाहींत. किंबहुना तिघेंही आपापल्या समजुतीप्रमाणें आईचें ऋणच फेडीत होतीं. म्हणूनच हें उदाहरण आम्हांला विचार करण्याजोगें वाटलें.

आपल्याकडे पूर्वीं या प्रकाराला रोग म्हणतच नसत. 'साठी बुद्धि नाठी' ही म्हण आणि 'म्हातारचळ' हा शब्द, एवढ्यावर समाजानें त्याची बोळवण केली होती. पाश्चात्य देशांतही स्थिति फारशी निराळी नव्हती. १९०१ सालीं जर्मनींतील फ्रँकफुर्ट येथील मनोरुग्णालयांत ऑगस्ट डेटर नांवाची एक्कावन्न वर्षांची स्त्री दाखल झाली. डॉ. अलॉइस अल्झायमर यांनीं तिला नांव विचारलें, तें तिनें सांगितलें. नवऱ्याचें नांव विचारलें, तेव्हां पुन्हां स्वतःचेंच सांगितलें. आपण स्वतःलाच हरवून बसलों आहों, अशा अर्थाचे उद्गार तिच्या तोंडून निघाल्याची नोंद आहे. १९०६ मध्यें ती वारली. तिचा मेंदु सूक्ष्मदर्शकाखालीं पाहून अल्झायमर यांनीं त्याच वर्षीं ट्यूबिंगेन येथील वैद्यांच्या सभेंत आपलें निरीक्षण मांडलें. पेशींच्या बाहेर एका द्रव्याचे थर सांचले होते आणि पेशींच्या आंत तंतूंचा गुंता झाला होता. १९१० सालीं क्रेपेलिन यांनीं आपल्या ग्रंथांत या रोगास अल्झायमरचें नांव दिलें. म्हातारपण आणि हा रोग या दोन भिन्न गोष्टी आहेत, हें तेव्हांपासून हळूहळू लोकांना समजूं लागलें.

स्मृतिभ्रंशाचे प्रकार अनेक आहेत; अल्झायमरचा त्यांतला सर्वांत अधिक आढळणारा. भारतांत साठ वर्षांवरील लोकांची पाहणी करून २०२३ सालीं जो निष्कर्ष प्रसिद्ध झाला, त्याप्रमाणें शेंकडा ७·४ म्हणजे सुमारें ८८ लक्ष माणसें स्मृतिभ्रंशानें ग्रस्त आहेत. पुरुषांपेक्षां स्त्रियांत आणि शहरांपेक्षां खेड्यांत त्याचें प्रमाण अधिक आढळलें. हा श्रीमंत शहरांचा रोग आहे, असा जो समज आहे तो यावरून खोटा ठरतो. तरी प्रत्येक विसराळूपणास हें नांव देण्याची घाई करूं नये. ब-१२ या जीवनसत्त्वाची उणीव, कंठग्रंथीचें मांद्य, मनाची खिन्नता, डोक्यास मार लागून आंत सांचलेलें रक्त, कित्येक औषधांचा परिणाम, यांनींही स्मरण बिघडतें आणि यांतील पुष्कळसें उपचारानें सुधारतें. ब-१२ ची उणीव तर शाकाहारी घरांत विशेष. म्हणून 'वय झालें' असें म्हणून स्वस्थ बसणें हा आळस आहे, आणि तो रोग्यास महाग पडतो.

आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. पूर्वपक्ष असा कीं, नातें म्हणजे दोन मनांतील ओळख. एका मनांतून ती पुसली गेली म्हणजे नातें अर्धें तुटलेंच. इंग्लिश तत्त्वज्ञ लॉक यानें सतराव्या शतकाच्या अखेरीस असा सिद्धांत मांडला, कीं मनुष्याचें 'तोच मी' हें एकत्व त्याच्या स्मरणयुक्त जाणिवेवर अवलंबून आहे. हें अक्षरशः घेतलें तर ज्या बाईस आपलें लग्न, आपलीं बाळंतपणें, आपला संसार कांहींच आठवत नाहीं, ती बाई पूर्वींची नव्हेच. मग देणें तरी कोणाचें? सावकारच नाहींसा झाल्यावर कर्ज कोणास परत करावें? या प्रश्नाला निर्दय म्हणून झिडकारणें सोपें आहे. परंतु आमचा अनुभव असा, कीं रात्रींची चौथी जाग झाल्यावर दमलेल्या मुलाच्या किंवा सुनेच्या मनांत तो स्वतःहून उभा राहतो, आणि मग ज्याच्या मनांत तो आला त्याला आपलीच लाज वाटते. म्हणून त्याला नीट उत्तर दिलें पाहिजे.

आमच्या मतें लॉकच्या सिद्धांतांत एक चूक आहे. स्मरण ही एकट्याच्या डोक्यांत ठेवलेली खासगी ठेव आहे, असें तो गृहीत धरतो. कालिदासाच्या नाटकांतला दुष्यंत शापामुळें शकुंतलेस विसरला आणि भर सभेंत त्यानें तिला नाकारलें. त्या क्षणीं ती त्याची पत्नी नव्हती, असें एकही प्रेक्षक म्हणणार नाहीं. नातें तिच्याजवळ होतें, कण्वाच्या आश्रमांत होतें, तिच्या उदरांत वाढणाऱ्या गर्भांत होतें. एका दुष्यंताच्या मनांत तेवढें नव्हतें. फरक इतकाच, कीं त्या कथेंत कोळ्याला अंगठी सांपडते. या रोगांत ती सांपडत नाहीं. परंतु अंगठी सांपडली नसती तरी शकुंतलेचें म्हणणें खरेंच राहिलें असतें.

आणखी जवळचें उदाहरण आमच्या वऱ्हाडचेंच आहे. चक्रधरस्वामी निघून गेल्यावर म्हाइंभटांनीं ऋद्धिपुरीं नागदेवाचार्यांपाशीं व इतर अनुयायांपाशीं बसून, गांवोगांव विचारपूस करून, ज्याला जें आठवत होतें तें गोळा केलें आणि लीळाचरित्र सिद्ध केलें. आमच्या जिल्ह्यांतील लोणारचाही उल्लेख त्यांत आहे. पुढें मूळ पोथी नाहींशी झाली, तेव्हां अनुयायांनीं तें पुन्हां आठवणींतून उभें केलें, अशी परंपरा सांगते. एका पुरुषाचें आयुष्य अशा प्रकारें पुष्कळांच्या स्मरणांत वांटून राहिलें, आणि वांटलें गेलें म्हणूनच तें टिकलें. कुटुंबाचेंही असेंच आहे. आजीबाईंस आपला संसार आठवत नसेल; तो मुलास आठवतो, शेजारणीस आठवतो, ज्या विहिरीचें काम त्यांनीं उभें राहून करून घेतलें तिच्या कांठालाही जणूं तो ठाऊक असतो. त्यांचा 'मी' त्यांच्या एकट्यापाशीं नव्हताच. म्हणून त्यांच्या एकट्याच्या विसरण्यानें तो संपतही नाहीं. ठेव त्यांच्या हातून निसटली असेल, पण ती आतां आपल्यापाशीं आहे. आणि ज्याच्यापाशीं दुसऱ्याची ठेव असते त्याची जबाबदारी वाढते, घटत नाहीं.

त्याच ऋद्धिपुरांत गोविंदप्रभु राहत. त्यांचें वागणें लोकव्यवहारास सोडून असे. मनास येईल त्या घरीं शिरावें, येईल तें खावें, कोठेंही निजावें. परकी माणसें त्यांना वेडे म्हणत. पण गांव त्यांना मायबाप मानी, आणि शिष्य त्यांना न्हाऊंमाखूं घालीत, जेवूं घालीत. त्यांच्या अवतारित्वाविषयीं ज्याचें त्यानें मत ठरवावें. आम्हांला येथें एवढेंच दाखवावयाचें आहे, कीं ज्याचें वागणें आपल्या हिशेबांत बसत नाहीं अशा माणसाभोंवतीं सगळें गांव प्रेमानें उभें राहिल्याचें उदाहरण आपल्याच भूमींत सातशें वर्षांपूर्वींचें आहे. हें आम्हीं परक्यांपासून शिकावें असें नाहीं.

आतां सत्यासत्याचा प्रश्न. थोरला मुलगा खरें बोलत होता आणि सून खोटें, असा वरवर पाहणाराचा निवाडा होईल. परंतु सुनेचें बोलणें वाचकांनीं पुन्हां पाहावें. 'दादा येणार आहे' असें ती म्हणाली नाहीं. 'दादांची आठवण येते ना' असें म्हणाली, आणि तें अक्षरशः खरें होतें. संध्याकाळीं उजेड मावळतांना या रोग्यांचें मन अधिक अस्वस्थ होतें, हें वैद्यांना चांगलें माहीत आहे. त्या वेळीं 'माहेर' या शब्दानें आजीबाई एखाद्या गांवाचें नांव सांगत नव्हत्या. जेथें भीति नाहीं अशी जागा त्या मागत होत्या. मुलानें शब्दाला उत्तर दिलें, सुनेनें मागणीला दिलें. सत्य सांगणें म्हणजे ऐकणाऱ्याच्या हातीं कांहीं देणें. जें हातांत राहणारच नाहीं आणि देतांना मात्र दरवेळीं जखम करील, तें देण्याचा हट्ट हा सत्यप्रेमापेक्षां स्वतःच्या व्रताचा अभिमान असण्याचा संभव अधिक.

तरी या सवलतीला कुंपण पाहिजे. धर्मराजाचें अश्वत्थाम्याविषयींचें अर्धसत्य आपल्याला खटकतें, कारण तें ज्याच्याशीं बोललें गेलें त्याच्याच नाशासाठीं होतें. आमची कसोटी हीच: आडवळणानें बोलल्याचा लाभ कोणाच्या पदरीं पडतो? आजीबाईंची रात्र सुखाची गेली तर तें बोलणें निर्दोष. पण 'तिला काय कळतें' हीच सवय पुढें सातबाऱ्याच्या कागदावर अंगठा उमटवून घेतांना उपयोगीं पडते, आणि अशीं घरें आम्हीं पाहिलीं आहेत. १८७२ च्या कराराच्या कायद्याप्रमाणें करार करणारास तो समजून घेण्याची आणि आपलें हित पाहण्याची शक्ति त्या वेळीं असली पाहिजे. कायदा एवढें म्हणतो, आणि नीति याहून कमी म्हणत नाहीं. म्हणून रोगाची प्रथम चाहूल लागते तेव्हां रोग्यास विश्वासांत घेऊन सत्य सांगावें. मृत्युपत्र, शेत, औषधोपचार यांविषयींची त्याची इच्छा समजत आहे तोंवर विचारून घ्यावी. आरंभीं सत्य, शेवटीं सांत्वन, हा क्रम आम्हांला न्याय्य वाटतो. आपल्याकडे पुष्कळदां तो उलटा असतो. आरंभीं रोग लपवितात आणि शेवटीं रोग्यास रागावून खरें सांगतात.

अन्नाविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे, कारण आपल्या घरांत प्रेम बहुतेक ताटांतूनच व्यक्त होतें. पुण्याच्या धाकट्या चिरंजीवांच्या बदामांस आम्ही हंसत नाहीं. पालेभाज्या, कडधान्यें, सुका मेवा, मासळी यांवर भर आणि गोड, तळकट यांवर आळा, असा आहार घेणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत हा रोग कमी आढळल्याचें अमेरिकेंतील एका संशोधनांत २०१५ सालीं दिसून आलें होतें. परंतु तोच आहार तीन वर्षें देऊन जी काटेकोर परीक्षा झाली, तिचें फळ २०२३ सालीं प्रसिद्ध झालें. त्यांत तो आहार घेणारे आणि केवळ बेताचें जेवणारे यांच्या बुद्धींत म्हणण्यासारखा फरक पडला नाहीं. खोबरेल, हळद, ब्राह्मी यांनीं गेलेलें स्मरण परत येतें असें सिद्ध झालेलें नाहीं. २०२४ मध्यें 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या मंडळानें असें मत दिलें, कीं चौदा कारणांचा आयुष्यभर बंदोबस्त केल्यास शेंकडा ४५ पर्यंत स्मृतिभ्रंश टळूं किंवा लांबणीवर पडूं शकेल. त्या कारणांत रक्तदाब, मधुमेह, धूम्रपान, बहिरेपणा, अंधुक दृष्टि, शिक्षणाचा अभाव आणि एकटेपणा हीं आहेत. म्हणजे बदामाच्या पुड्यापेक्षां कानाचें यंत्र, चष्मा आणि रोज कोणाशीं तरी चार शब्द बोलणें यांचें मोल अधिक ठरेल.

रोग जडल्यावर अन्नाचा हेतु बदलतो. त्या वेळीं तें औषध राहत नाहीं. तें जगविण्याचें आणि आपलेपणा पोंचविण्याचें साधन होतें. रोगी जेवल्याचें विसरतो, तसाच न जेवल्याचेंही विसरतो. तहान लागली हें सांगत नाहीं. आमच्याकडच्या वैशाखांत पाण्यावांचून एका दिवसांत माणूस भ्रमिष्टासारखें करूं लागतें, आणि घरचीं समजतात कीं रोग वाढला. अशी एकाएकीं उतरती दिसली तर पाणी, मलावरोध, लघवीचा दाह, ताप यांची चौकशी प्रथम करावी आणि वैद्यास बोलवावें. ताटांत एका वेळीं एकदोनच पदार्थ असावेत. पांढरा भात पांढऱ्या ताटांत त्यांच्या नजरेस येत नाहीं, तो रंगीत ताटांत वाढावा. हातांत धरून खाण्याजोगे भाकरीचे तुकडे, मऊ थालीपीठ, केळें द्यावें. एकट्यास जेवावयास बसवूं नये. पंगतींत शेजारच्याचा हात तोंडाकडे जातांना पाहून यांचाही जातो. पुढें पुढें गिळणें अवघड होतें आणि ठसका लागून अन्न फुप्फुसांत जाण्याची भीति असते. तेव्हां रोग्यास ताठ बसवून, वरणांत भिजवून मऊ केलेली भाकरी, ज्वारीच्या कण्या, मऊ खिचडी लहान लहान घांसांनीं, एक घांस गिळल्यावर दुसरा, अशी द्यावी. शेवटच्या अवस्थेंत नाकांतून नळी घालून अन्न दिल्यानें या रोग्यांचें आयुष्य वाढत नाहीं व ठसक्याचा धोकाही टळत नाहीं, असें आतां वैद्यांचें मत आहे; हातानें भरविणें हेंच बरें, मग तें चार घांस कां असेना. नळी नाकारली म्हणजे आईस उपाशी मारली असें मानून कित्येक मुलें जन्मभर झुरतात. त्यांनीं हें अवश्य लक्षांत घ्यावें.

पण हे घांस भरवावयाचे कोणीं? येथें आम्ही या लेखाच्या सर्वांत अप्रिय भागाशीं येऊन पोंचलों. आईबाप व ज्येष्ठ नागरिक यांच्या चरितार्थासंबंधीं २००७ चा जो कायदा आहे त्यांत 'अपत्यें' म्हणजे मुलगा, मुलगी, नातू आणि नात अशी व्याख्या आहे. वृद्धास टाकून देणारास तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पांच हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षाही आहे. त्या व्याख्येंत सून नाहीं. कायद्यानें जिच्यावर हें ओझें ठेवलें नाहीं, तिच्याच डोक्यावर रूढीनें तें सगळें ठेवलें आहे. ऋण मुलाचें, आणि फेडणारी सून! तीही बोलून दाखविणार नाहीं. दाखविलें तर 'सासूचें करवत नाहीं' हा शिक्का तयारच असतो. या रोग्याची शुश्रूषा वर्षानुवर्षें चालते आणि दिवसाचे चोवीस तास चालते. त्या मेहकराकडच्या घरीं सुनेस एके दिवशीं स्वयंपाकघरांतच भोंवळ आली; तिचा रक्तदाब किती वाढला होता हें तोंवर कोणीं पाहिलेंच नव्हतें. आजीबाईंच्या औषधाच्या वेळा भिंतीवर लिहिलेल्या होत्या; सुनेच्या झोपेची वेळ कोठेंच लिहिलेली नव्हती.

वृद्धाश्रमांत किंवा शुश्रूषागृहांत ठेवणें हें पाप आहे काय, असें आम्हांला पुष्कळ जण विचारतात. आमचें उत्तर असें, कीं टाकणें आणि सोंपविणें यांत भेद आहे. ज्यानें सोंपविलें तो भेटावयास जातो, विचारपूस करतो, खर्च देतो, अपमान झाल्यास भांडतो. ज्यानें टाकलें तो पावती घेऊन मोकळा होतो. घरांतही माणूस टाकलें जातें,—मागच्या खोलींत, बाहेरून कडी लावून. तेव्हां जागेवरून पाप ठरत नाहीं. अर्थात् खेड्यांतील कुटुंबास ही निवड बहुधा नसतेच. या रोगाच्या कुटुंबीयांस साह्य करणारी अखिल भारतीय संस्था १९९२ सालीं केरळांत निघाली. दिवसापुरतें सांभाळणारीं आणि कायम ठेवून घेणारीं गृहें पुण्यामुंबईसारख्या शहरांत आहेत व तीं महाग आहेत. आमच्याकडे चिखली तालुक्यांत पळसखेड सपकाळ येथें सेवासंकल्प प्रतिष्ठान रस्त्यावर बेवारस फिरणाऱ्या मनोरुग्णांना आसरा देतें, हें जिल्ह्यास भूषण आहे. परंतु ज्यांस घरदार आहे त्यांनीं आपलें माणूस बेवारस होण्याची वाट पाहूं नये. २०२२ पासून सरकारनें मानसिक आरोग्याविषयीं १४४१६ या क्रमांकावर दूरध्वनीनें मोफत सल्ला देण्याची सोय केली आहे, आणि २०२४ पासून बुलढाण्यास शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें आहे. तेथें म्हाताऱ्यांच्या स्मरणाची तपासणी आठवड्यांतून एक दिवस तरी व्हावी, अशी मागणी सुशिक्षितांनीं करण्याजोगी आहे. रोग्याच्या खिशांत नांव, गांव व दूरध्वनीचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी ठेवणें एवढें तर आजच करतां येईल.

आणि एक गोष्ट आमच्या जिल्ह्यास इतरांपेक्षां अधिक चांगली माहीत आहे. शेगांवीं श्रीगजाननमहाराजांच्या संस्थानांत हजारों सेवाधारी पाळीपाळीनें येऊन विनामूल्य सेवा करतात. कोणी झाडतो, कोणी पंगत वाढतो, कोणी पादत्राणें सांभाळतो. मोठमोठे अधिकारी व व्यापारी तेथें झाडू हातीं घेतात आणि त्यांत कमीपणा मानीत नाहींत. त्या सेवेचें मर्म पाळींत आहे. आपली पाळी संपली म्हणजे दुसरा येणार, ही खात्री असते म्हणून सेवा करणाऱ्याचें मुख प्रसन्न राहतें. शेगांवीं पाळी लावणारा गृहस्थ घरीं आल्यावर आईच्या खोलीसाठीं पाळी कां लावीत नाहीं? भाऊ, बहीण, जांवई, नातवंडें, शेजारी यांच्यांत आठवड्याचे वार वांटले, दूरच्यानें वर्षांतून महिनाभर रजा काढून येऊन राहिलें, ज्याला येतां येत नाहीं त्यानें पगारी मदतनिसाचा खर्च उचलला, तर पाठविलेल्या बदामांनाही कांहीं अर्थ येईल.

२०१३ सालच्या 'अस्तु' या मराठी चित्रपटांत स्मृतिभ्रंश झालेले एक वृद्ध संस्कृत पंडित हत्तीच्या मागोमाग निघून जातात, आणि त्या माहुताची बायको, जिचा त्यांच्याशीं कोणताच संबंध नाहीं, ती त्यांना लेकराप्रमाणें सांभाळते. इकडे मुलगी कासावीस होऊन शहरभर शोधीत असते. त्या माहुतिणीचें त्यांच्याशीं ऋण नव्हतें. तिनें हिशेब मांडला नाहीं. आम्ही आरंभीं ऋणाची भाषा वापरली, ती येथें अपुरी पडते हें आम्हांला कबूल आहे. कर्ज फेडणाराची अपेक्षा असते कीं सावकारानें खातें मिटल्याचें सांगावें. येथें तसें सांगणारें कोणी उरलेलें नसतें. आजीबाई भरविलेला घांस विसरणार, भरविणाराचें नांव विसरणार. 'माझ्या मुलानें केलें हो' असें त्या शेजारणीस सांगणार नाहींत. परंतु आपल्या बालपणीं त्यांनीं भरविलेले पहिले घांस आपणांस तरी कोठें आठवतात? तेही विसरलेलेच होते. म्हणून ते व्यर्थ गेले असें आपण म्हणत नाहीं, कारण त्यांच्यावरच हें शरीर उभें आहे.

असो. त्या घरची हकीकत पुरी करतों. सुनेच्या आजारपणानंतर दोघे भाऊ प्रथमच समोरासमोर बसले. बोलणें गोड झालें असें नाहीं. परंतु दिवसा एक बाई मदतीस ठेवावी, तिचा पगार धाकट्यानें द्यावा, दिवाळीनंतरचा एक महिना त्यानें सहकुटुंब येऊन राहावें आणि तेवढे दिवस भावजयीनें आपल्या माहेरीं जावें, असें ठरलें. यंदा ती गेली. संध्याकाळीं आजीबाई गाठोडें घेऊन दारांत आल्या तेव्हां थोरला मुलगा उठला. पूर्वींचें वाक्य त्याच्या ओठांपर्यंत आलें असावें. पण त्यानें तें गिळलें. "दादाची आठवण येते का?" असें त्यानें विचारलें. त्या त्याच्याकडे पाहून म्हणाल्या, "तुम्ही कोण, मला माहीत नाहीं, पण माणूस चांगले दिसतां. बसा." तो बसला. परसांतल्या आंब्याची गोष्ट, जी त्याच्या बायकोला तोंडपाठ होती, ती त्यानें त्या दिवशीं पहिल्यांदा ऐकली.